साखरेचा स्फटिक वाढताना मायक्रोस्कोपखाली पाहून त्याचा वेग मोजता येतो का?

येतो. वाळवा तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये मी बरेच हंगाम काढलेत. पॅनमधला (म्हणजे साखर शिजवायच्या भांड्यातला) माल काचेवर घेऊन दाणा, म्हणजे स्फटिक, बघणं हे तिथलं रोजचंच काम. बीएस्सीच्या प्रकल्पाला कॉलेजचा मायक्रोस्कोप आणि मोबाइल पुरेल का, असं तुम्ही विचारलंय. पुरेल. फोटो कुणीही काढेल, सांभाळायचा असतो तो थेंब.

उघड्या काचेवर पाक ठेवला की कडेचं पाणी आधी उडतं आणि तिथंच स्फटिकांची झुंबड उडते. तुम्ही मोजाल तो वेग दाण्याच्या वाढीचा नाही, पाणी उडण्याचा. म्हणून खळग्याची काच (मधे खोलगट असलेली स्लाइड) घ्या, वर कव्हरस्लिप, म्हणजे झाकायची पातळ काच, ठेवा, कडेनं व्हॅसलीन लावा.

30 अंशाला 100 ग्रॅम पाण्यात साधारण 215 ते 220 ग्रॅम साखर विरघळते. तुम्ही 240 घ्या, गरम करून शेवटचा कणही विरघळवा, निवल्यावर साखरेची नखभर पूड सोडा. फार घट्ट केलात तर आपोआप नवे बारीक कण जन्मतात. पॅन चालवणारा पॅनमन त्याला ‘फॉल्स ग्रेन’ म्हणतो, आणि तो दिसला की पॅनमनचा चेहरा उतरतो. लिंबू मात्र चुकूनही नको. साखर बसू नये म्हणून आपल्या घरी पाकात लिंबू पिळतात, इथं आपल्याला ती बसायलाच हवीय.

आमच्याकडच्या जुन्या मायक्रोस्कोपला पिवळा बल्ब होता. एकदा दुपारभर मी दाण्याची मापं घेत बसलो, तर दाणा वाढायच्या ऐवजी झिजत चाललेला! बल्बच्या उष्णतेनं थेंब तापून साखर परत विरघळत होती. एलईडी वापरा, तोही फोटोपुरताच लावा.

स्टेज मायक्रोमीटरचा (काचेवर कोरलेली मोजपट्टी, 1 मिलिमीटरचे 100 भाग) एक फोटो आधी काढून ठेवा, मग दर दोन मिनिटांनी दाण्याचा. लांबी आणि रुंदी वेगवेगळी मोजा, कारण सगळ्या बाजू सारख्या वाढत नाहीत. एकाच थेंबातले, एकाच मापाचे दोन दाणेसुद्धा वेगवेगळ्या वेगानं वाढतात. ती तुमची चूक नाही, सरासरीच्या नादानं ते लपवू नका.

एका हंगामात अवकाळीनं तोडलेला ऊस फडातच अडकून पडला. तो गव्हाणीत (कारखान्यात ऊस टाकतात तिथं) आला तेव्हा काचेवर दाणे सुईसारखे लांबट दिसायला लागले. शिळ्या उसात ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतात आणि तो दाण्याच्या काही बाजूंची वाढ अडवतो. हे तुम्हालाही करून बघता येईल. दोन दिवस ठेवलेला उसाचा रस गाळून पाकात थोडा मिसळा आणि लांबी-रुंदीचं गुणोत्तर साध्या पाकाशी ताडून बघा. वेग नुसता कमी झाला तर लगेच डेक्स्ट्रानवर खापर फोडू नका, शिळ्या रसात ग्लुकोज-फ्रुक्टोजही वाढलेलं असतं आणि तेही वाढ मंदावतं.