आधी शेवटच्या नळावर जा

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी एसटीत होते, नीट बोलता आलं नाही. गावच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीवर तुझं नाव घातलंय, पण 'निम्म्या बायका लागतात म्हणून घातलं, सहीपुरतं बोलावतील,' असं तू म्हणालीस. का घातलं ते सोडून दे. समितीवर नाव आहे म्हणजे हिशोबाची वही मागायचा हक्क आहे. बाकीचं सवडीनं लिहिते.

पहिल्या दिवशी टाकी बघायला जाऊ नकोस. टाकी सगळेच दाखवतात, रंगवलेली, नावांची पाटी लावलेली. तू पाणी सुटायच्या वेळेला गावातल्या शेवटच्या नळावर जा आणि एक हंडा भरायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून बघ. दुसऱ्या दिवशी तोच हंडा टाकीजवळच्या पहिल्या नळाला लाव. दोन्ही आकडे वहीत लिहून ठेव. योजनेचं दुखणं बहुतेक वेळा त्या दोन आकड्यांच्या मध्ये सापडतं.

२००३ साली जलस्वराज्य हा गावांच्या पाणीपुरवठ्याचा सरकारी प्रकल्प सुरू झाला तेव्हा मी मराठवाड्यात गावोगाव फिरत होते. खर्चाच्या १० टक्के लोकवर्गणी गावानं भरायची आणि पुढे योजना गावानंच चालवायची, अशी त्याची रीत होती. एका गावात दलित वस्तीनं वर्गणी सगळ्यांच्या आधी भरली, मजुरीच्या पैशातून. योजना झाली, नारळ फुटला, आणि वस्तीतल्या नळांतून नुसती हवा यायला लागली. वस्ती चढावर, गाव उतारावर. खालच्या आळीत नळांना मोटरी लावलेल्या, निम्म्या नळांना तोट्याच नाहीत. वस्तीला पाणी द्यायचं नाही असं कोणी बोलत नव्हतं, पण वस्तीकडचा व्हॉल्व्ह सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत कमी उघडला जायचा. महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ला ओंजळीनं पाणी घेतलं, हे मी शाळेत पाठ केलं होतं. ते पाणी अजून कुठे अडतं, हे मला त्या वस्तीतल्या रिकाम्या हंड्यांपाशी कळलं.

दिवाळीपासून होळीपर्यंत आम्ही त्याच एका कामाला लागलो. वस्तीतल्या दोघी जणी रोज वेळ लिहायच्या. मग वस्तीला वेगळी वेळ दिली, तीही पहिली. कोणता व्हॉल्व्ह किती फेरे उघडायचा ते चेंबरच्या झाकणावर रंगानं लिहिलं. पाणी सुटतं तेवढा वेळ वीज बंद ठेवायला लावली, त्यामुळे मोटरींचा प्रश्न भांडणाशिवाय मिटला. तोट्या बसवायला मात्र भांडावं लागलं.

वॉलमनवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडून पाणी सोडणाऱ्यावर, कधी राग काढू नकोस. सगळं गाव त्याच्यावर ओरडतं, आणि त्याचा पगार मात्र सगळ्यांत उशिरा निघतो. समितीच्या अंदाजपत्रकात त्याचा पगार पहिल्या ओळीत लिहून घे.

आता पैशाचं. नळयोजना बंद पडते ती बहुधा विजेच्या बिलापायी, म्हणून हा हिशोब तुला तोंडपाठ हवा. २००० वस्तीचं गाव धर. जलजीवन मिशननं २०१९ पासून माणशी रोज ५५ लिटर ठरवलं आहे, म्हणजे रोजचं १,१०,००० लिटर झालं. ते ६० मीटर चढवायचं आणि पंप-मोटर निम्म्या ताकदीनं काम देतात असं धरलं, तर रोज साधारण ३६ युनिट जळतात, महिन्याला ११०० युनिटच्या आसपास. त्याला विजेच्या दरानं गुणलं की बिल. त्या बिलात वॉलमनचा पगार, पाणी शुद्ध करायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर आणि मोटर जळाली तर लागणारी शिल्लक मिळव आणि ४०० घरांनी भाग. जो आकडा येईल ती तुमची खरी पाणीपट्टी. ती ग्रामसभेत फळ्यावर मांड, घरोघरच्या थकबाकीसकट. तिसरा हिस्सा पाणी गळत असेल तर बिलाचा तिसरा हिस्साही जमिनीत जातोय, हे बायकांना एका वाक्यात कळतं. पुरुषांना दोनदा सांगावं लागतं, असा माझा अनुभव आहे. आणि वसुलीला निघण्याआधी शेवटच्या नळाची आठवण ठेव. ज्याच्या हंड्यात पाणी पडत नाही त्याच्याकडे पट्टी कोणत्या तोंडानं मागायची?

टीसीएलचं काम जलसुरक्षकाचं, म्हणजे गावात पाण्याची शुद्धता बघणाऱ्या माणसाचं, असलं तरी ते एकदा स्वतः करून बघ. पावडर थेट टाकीत ओतायची नसते. बादलीत कालवून ठेवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळ टाकीत सोडायची आणि निदान अर्धा तास थांबून मग पाणी सोडायचं. पोतं उघडं राहिलं, ओल लागली, की पावडरीतला क्लोरीन उडून जातो आणि आपण नुसता चुना टाकत बसतो. ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या औषधाचे, थेंब टाकून पिवळा रंग बघायचा तोही टाकीच्या नळावर नाही, शेवटच्या नळावर. तिथे लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन मिळाला तर वाटेतलं पाणी निर्धोक. टाकीपाशी रंग दिसतो आणि टोकाला दिसत नाही, तेव्हा बहुधा वाटेत कुठेतरी फुटलेली लाइन गटारात बुडालेली असते. ती शोधायची.

विहिरीचंही लक्ष असू दे. सार्वजनिक पिण्याचं पाणी जिथून घेतात त्या विहिरी-बोअरपासून (कागदोपत्री 'उद्भव') ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर नको, असं आपल्या राज्यात १९९३च्या कायद्यानंच सांगितलं होतं, आणि २००९चा भूजल अधिनियम त्याच्या पुढचा. पण कायदा बोअरच्या गाडीच्या आधी गावात पोचत नाही. नगरकडच्या हिवरे बाजार गावाला हे जमलं ते कसं, हे एकदा तिथे जाऊन बघ. पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा, पिण्याचं आधी बाजूला काढायचं आणि उरलेल्यात पिकं ठरवायची. शेतीसाठी बोअर घ्यायचंच नाही, हे गावानं ठरवून पाळलं. एवढं एका वर्षात होत नाही. तुझ्या गावात पर्जन्यमापक बसवून रोजचा आकडा शाळेच्या भिंतीवर लिहायला पोरांना लाव, तेवढं यंदा पुरे.

आता जे लिहिते ते मला जड जातं. हागणदारीमुक्तीच्या काळात उघड्यावर बसणाऱ्यांना अडवणाऱ्या गुडमॉर्निंग पथकात मीही पहाटे शिट्टी घेऊन उभी राहिले आहे. एकदा एक म्हातारी शिट्टी ऐकून उठली आणि टमरेल तिथेच टाकून पदर तोंडावर घेऊन निघून गेली. नंतर मी तिच्या घरी गेले. संडास होता, बांधलेला, पत्र्याचं दार लावलेलं. आत गोवऱ्या रचलेल्या. पाणी अर्ध्या कोसावरून डोक्यावर आणायचं, ते संडासात किती ओतणार, असं तिनं मला विचारलं. माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मी पुन्हा कधी शिट्टी हातात धरली नाही. तू कोणाला लाजवायला जाऊ नकोस. आधी त्या घराच्या नळाला पाणी येतं का ते बघ.

संडास बांधताना लोक 'सेफ्टी टँक'चाच, म्हणजे सेप्टिक टँकचाच, हट्ट धरतात, जेवढी मोठी तेवढी प्रतिष्ठा. टाकी भरली की उपसणार कोण, आणि तो मैला टाकणार कुठे? ते काम कोणाच्या वाट्याला येतं हे तुला सांगायला नको. दोन शोषखड्डे खोदायला सांग, जाळीच्या बांधकामाचे, तळ मोकळा ठेवलेले, विहिरीपासून लांब. एक भरला की दुसरा चालू करायचा. पहिला वर्ष-दीड वर्ष बंद ठेवला की आत कोरडं, वास नसलेलं सोनखत तयार होतं. मी ते हातात घेऊन लोकांना दाखवलं आहे.

नळ आले की सांडपाणी वाढतं, हेही आत्ताच धरून चाल. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीनं घरोघरी शोषखड्डे घेऊन डास हटवले, तसं तुमच्या आळीतल्या पाच घरांपासून करता येईल. उघडं गटार बांधायचा ठराव आला तर सही करण्याआधी विचार, ते पाणी शेवटी कोणाच्या दारात जाणार आहे.

अक्षय्य तृतीयेला मी तुझ्याकडे येतेय. त्या दिवशी पाणी किती वाजता सुटतं ते कळव आणि घरातला मोठा हंडा घासून ठेव. आपण दोघी शेवटच्या नळावर जाऊ.

तुझी
मावशी