बोल्ट तुम्ही आवळला, पण गाडी कोणी दिली?

प्रश्न: मी इंग्लंडमध्ये राहतो. चार महिन्यांपूर्वी एका छोट्या कंपनीची नवी स्पोर्ट्स कार घेतली. जादा पैसे भरून तीन दिवस त्यांच्या कारखान्यात गेलो आणि टेक्निशियनच्या देखरेखीखाली गाडीची बरीच जोडणी स्वतःच्या हाताने केली. गेल्या आठवड्यात मागच्या चाकाकडून ठणठण आवाज यायला लागला. पाहिले तर सस्पेन्शनच्या खालच्या आर्मचा बोल्ट ढिला झालेला आणि ब्रॅकेटचे भोक झिजलेले. कंपनी म्हणते, "तो बोल्ट तुम्हीच आवळलात, आणि तुम्ही जोडलेल्या भागांची जबाबदारी आमची नाही या कागदावर तुमची सही आहे." दुरुस्तीचे २,६४० पौंड मागत आहेत. गाडी हायर पर्चेसवर (फायनान्स कंपनीकडून हप्त्यांवर) आहे. पैसे भरावे लागतील का? गाडी परत करता येईल का? बोल्ट मीच आवळला हे तर खरे आहे.

उत्तर: पैसे आत्ता भरू नका आणि गाडीही चालवू नका. सस्पेन्शन ढिले आहे हे माहीत असताना गाडी रस्त्यावर काढली, तर १९८८ च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टखाली गुन्हा तुमच्यावर येऊ शकतो. शिवाय झिजलेले भोक आणखी झिजले, की ते मुळात कशामुळे झिजले हे कोणालाच सांगता येणार नाही.

तुमच्या शेवटच्या वाक्यात अपराधीपणा दिसतो. कंपनीची सारी भिस्त त्याच्यावरच आहे, म्हणून त्यापासून सुरुवात करतो. २०१५ च्या कन्झ्युमर राइट्स अ‍ॅक्टप्रमाणे, व्यापाऱ्याने ग्राहकाला दिलेली वस्तू समाधानकारक दर्जाची असावी लागते आणि सुरक्षितपणा हा त्या दर्जाचाच भाग आहे. हे तपासताना प्रश्न असतो तो ताबा दिला त्या दिवशी वस्तू कशी होती, हा. ती कोणत्या हातांनी जोडली, हा नव्हे. तुम्ही कारखान्यात पाना फिरवत होतात तेव्हा गाडी तुमच्या ताब्यात आलेलीच नव्हती. त्यानंतर कंपनीने ती तपासली, चालवून पाहिली, नंबरप्लेट लावली आणि 'रस्त्यावर चालवायला तयार नवी गाडी' म्हणून किल्ली तुमच्या हातात दिली. तुम्ही पाठवलेल्या ऑर्डर फॉर्मवर नेमके हेच शब्द आहेत.

सुटे भाग घेऊन घरी जोडायची किट कार घेणाऱ्याची गोष्ट वेगळी असते. ब्रिटनमध्ये ही परंपरा जुनी आहे. १९५७ पासूनची लोटस सेव्हन ही स्पोर्ट्स कार अनेकांनी किटच्या रूपात घेतली, कारण तसे केले की पर्चेस टॅक्स (खरेदीवरचा तेव्हाचा कर) वाचायचा. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि तो फायदा गेला. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले आणि घरी जोडायचे किट आजही मिळते. तिथे विकले जातात ते सुटे भाग. मालक ते आपल्या गॅरेजात जोडतो, आयव्हीए चाचणीला (रस्त्यावर आणण्याआधीच्या सरकारी तपासणीला) नेतो, व्ही६२७/१ फॉर्म भरून गाडी कशी बनवली ते डीव्हीएलएला (वाहननोंदणीच्या सरकारी कार्यालयाला) कळवतो. त्याने बोल्ट नीट आवळला नाही, तर बोल्टात दोष होता असे त्याला म्हणता येणार नाही. तुम्ही असा कोणताही फॉर्म भरलेला नाही. नोंदणीचे सगळे कागद कंपनीने केले. म्हणजे सरकारदरबारी गाडीचा निर्माता म्हणून कंपनीच उभी राहिली आणि तक्रार आल्यावर मात्र निर्माते तुम्ही झालात. ही दुटप्पी भूमिका पत्रात स्पष्ट शब्दांत दाखवून द्या.

खरेदीदाराने जोडणीत भाग घेतला म्हणून कंपनीची जबाबदारी संपते, असा या धंद्याचा काही रिवाजही नाही. अमेरिकेत २०१० मध्ये शेव्हरोलेने कॉर्व्हेट झेड०६ आणि झेडआर१ घेणाऱ्यांना मिशिगनमधल्या विक्समच्या कारखान्यात आपले इंजिन स्वतः जोडण्याची सोय दिली होती. त्यासाठी ५,८०० डॉलर जादा मोजावे लागत. शेजारी कंपनीचा माणूस असायचा आणि इंजिनाला वॉरंटी इतर गाड्यांइतकीच मिळायची.

आता सही केलेला कागद. त्यात दोन कलमे आहेत. पहिल्यात तुम्ही जोडलेल्या भागांच्या दोषांतून कंपनीने अंग काढून घेतले आहे आणि दुसऱ्यात कारखान्यात झालेल्या दुखापतीतून. समाधानकारक दर्जाची जबाबदारी टाळणारी अट ग्राहकाला बांधत नाही, असे याच कायद्याचे ३१ वे कलम सांगते. देखरेख आणि तपासणी ही कंपनीने पैसे घेऊन दिलेली सेवा होती. ती वाजवी काळजीने आणि कौशल्याने द्यावी लागते, आणि त्यातूनही ५७ व्या कलमामुळे सुटका नाही. दुखापतीबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण तिसऱ्या दिवशी बोट चेमटल्याचा उल्लेख केला आहे. निष्काळजीपणामुळे झालेल्या इजेची जबाबदारी ६५ वे कलम झटकू देत नाही. दाव्याची मुदत साधारणपणे तीन वर्षे असते. बोट अजून दुखत असेल तर डॉक्टरकडे नोंद करून ठेवा, बाकी घाई नाही.

या कागदाने तुमची झोप उडवली आहे, पण मला त्याची फारशी चिंता वाटत नाही. मला चिंता वाटते ती तुमच्या ईमेलमधल्या एका ओळीची. 'मध्यंतरी ट्रॅक डेसाठी एका गॅरेजमध्ये गाडीची उंची कमी करून घेतली,' असे तुम्ही सहज लिहून गेला आहात. (ट्रॅक डे म्हणजे आपली गाडी रेसिंग ट्रॅकवर चालवायचा दिवस.)

ताबा मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दोष दिसला, तर तो पहिल्या दिवसापासूनच होता असे कायदा धरून चालतो. तसे नव्हते हे दाखवण्याचे ओझे समोरच्यावर असते. तुमचा दोष चार महिन्यांतच दिसला, तेव्हा हे गृहीतक तुमच्या बाजूने आहे. ते मोडायला समोरच्या वकिलाला एकच गोष्ट पुरेल: मधल्या काळात तिसऱ्या कोणीतरी तो बोल्ट सोडवला होता. म्हणून त्या गॅरेजकडून तपशीलवार बिल आणि नेमके काय काम केले याचे चार ओळींचे पत्र आजच मागा. उंची स्प्रिंगखालची कॉलर फिरवूनच कमी केली असेल, तर आर्मच्या बोल्टला हात लावायचे कारण नव्हते. तसे लेखी मिळाले तर तुमची बाजू खूप मजबूत होते. त्यांनी आर्म काढला होता असे निघाले, तर प्रकरण अवघड आहे. कदाचित तुमचा खरा दावा त्या गॅरेजवर असेल. काहीही असो, ट्रॅक डे लपवू नका. तो नंतर बाहेर आला तर तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

आता तुम्ही पाठवलेला फोटो पुन्हा उघडा, मोठा करून पाहा. जोडणीच्या दुसऱ्या दिवशीचा, ज्यात तुम्ही टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोराने, म्हणजे टॉर्कने, आवळायचा पाना) धरून वाकलेले आहात. मागच्या ब्रॅकेटवर तीन बोल्टांच्या डोक्यांवर पिवळ्या पेंटची रेघ दिसते, डोक्यावरून थेट ब्रॅकेटवर उतरलेली. बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळून तपासला की टेक्निशियन अशी रेघ ओढतो. पुढे बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटून दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसतात. खालच्या आर्मचा बोल्ट फोटोत तुमच्या मनगटाआड अर्धा झाकला गेला आहे. तेव्हा प्रत्यक्ष गाडीवरचा बोल्ट पाहावा लागेल.

त्यावर रेघच नसेल, तर तो कोणी तपासलाच नाही आणि तपासणे हे कंपनीचे काम होते. रेघ असून ती सरकलेली असेल, तर कंपनीच्या माणसाने तपासून पसंत केलेला बोल्ट चार महिन्यांत फिरला. मग टॉर्कचा आकडा चुकला असेल, थ्रेडलॉक (बोल्ट फिरू नये म्हणून आट्यांना लावायचा चिकट द्रव) लावायचे राहिले असेल किंवा नट निकृष्ट असेल. यातल्या कशालाही तुम्ही जबाबदार नाही. दोन्ही शक्यतांत उत्तर कंपनीलाच द्यावे लागते. अडचण एकाच ठिकाणी येईल: रेघ पुसून कोणी नव्याने काम केल्याच्या खुणा दिसल्या तर. म्हणून गाडी कंपनीकडे परत जाण्याआधी स्वतंत्र ऑटोमोटिव्ह इंजिनिअरकडून तपासून घ्या. त्यांनी फोटो काढावेत, बोल्ट आहे त्या अवस्थेत तपासावा आणि लेखी अहवाल द्यावा. कंपनीकडून तुमच्या गाडीची बिल्ड शीटही (जोडणीच्या नोंदींचा कागद) मागा. त्यात प्रत्येक टॉर्कपुढे दोन सह्या असतील, तर तपासणाऱ्याची सही कोणाची आहे ते पाहा.

हायर पर्चेसने तुमची बाजू आणखी भक्कम केली आहे, हे बहुधा तुमच्या लक्षात आलेले नाही. अशा व्यवहारात गाडी फायनान्स कंपनीच्या मालकीची असते आणि कायद्याच्या नजरेत तुम्हाला गाडी देणारा व्यापारी तीच. दर्जाची जबाबदारी तिच्यावर येते. तुम्ही सही केलेला कागद गाडी बनवणाऱ्या कंपनीबरोबरचा आहे. फायनान्स कंपनीशी तुमचा असा कोणताही करार नाही, आणि असता तरी वरचेच उत्तर त्यालाही लागू पडले असते. विक्रेत्याने करारापूर्वी दिलेल्या शब्दाबद्दल १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्टचे ५६ वे कलम फायनान्स कंपनीलाही बांधते. 'आमचा माणूस प्रत्येक बोल्ट तपासतो' असे विक्रेत्याने ईमेलमध्ये लिहिले होते ना? ती ईमेल जपून ठेवा.

तेव्हा पत्र फायनान्स कंपनीला लिहा आणि प्रत गाडीच्या कंपनीला द्या. त्यात 'औपचारिक तक्रार' हे शब्द वापरा. त्यांना अंतिम उत्तरासाठी आठ आठवडे असतात. उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर फायनान्शियल ओम्बड्समन सर्व्हिसकडे (वित्तसंस्थांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या संस्थेकडे) जाता येते. तिथे ग्राहकाला फी नाही. अंतिम उत्तरानंतर त्यासाठी सहा महिने मिळतात. हप्ते मात्र थांबवू नका. रागाच्या भरात पुष्कळ लोक तेच करतात, मग मूळ तक्रार बाजूला राहते आणि थकबाकीदार म्हणून भांडण सुरू होते.

गाडी परत करण्याबद्दल: दोषी गाडी दुरुस्तीची संधी न देता थेट परत करण्याची ३० दिवसांची मुदत गेली आहे. आता पहिला हक्क दुरुस्तीचा आहे. ती फुकट, वाजवी वेळात आणि तुम्हाला फार त्रास न होता झाली पाहिजे. एका दुरुस्तीनंतरही गाडी दोषी राहिली, तर किंमत कमी करून घेणे किंवा गाडी परत करणे हे मार्ग खुले होतात. परत करताना वापराबद्दल काही रक्कम कापली जाऊ शकते. इतर वस्तूंना पहिल्या सहा महिन्यांत अशी कपात लागत नाही, मोटारींना लागते. तुमच्या पत्रावरून मला वाटते की ही गाडी तुम्हाला सोडायची नाही. तीन दिवस राबून जोडलेली गाडी कोणाला सोडवेल? मग दुरुस्ती एका बोल्टापुरती मागू नका. तुम्ही जोडणी केली त्या दिवसांतला प्रत्येक सुरक्षेशी संबंधित बोल्ट पुन्हा तपासून त्याचे टॉर्क लेखी मिळावेत, अशी मागणी करा. असाच दुसरा बोल्ट ढिला निघाला, तर तो दोष बिल्डच्या पद्धतीतच आहे. मग डीव्हीएसएलाही (वाहनसुरक्षा पाहणाऱ्या सरकारी संस्थेला) कळवा, कारण अशाच गाड्या इतरांकडेही असतील.

आधी गॅरेजचे पत्र आणि इंजिनिअरचा अहवाल हातात येऊ द्या, तक्रार त्यानंतर पाठवा. गॅरेजचे बिल हरवले असेल तर बँकेच्या खात्यातली त्या दिवशीची नोंद जोडली तरी चालेल.