सामोपचाराने वेगळे होताना मुलांचा ताबा आणि खर्च कसा ठरवावा?

तुम्ही दोघे कोणतेही भांडण न करता घटस्फोट घेत आहात, नऊ वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी तुमच्याकडे राहणार आहेत, पतीने घर तुमच्या नावे केल्यामुळे मुलांचा खर्च मागू नये असे तुम्हाला वाटते, आणि बाकीचे समजुतीने चालणार असेल तर कागदावर नेमके काय लिहावे, असे तुम्ही विचारले आहे. मी वकील नाही. सहा वर्षांपूर्वी अशाच सामोपचाराने वेगळा झालेला, एका मुलीचा बाप आहे.

प्रथम खर्चाविषयी, कारण तेथे तुमचे चुकते आहे असे मला स्पष्टपणे वाटते. घर हा तुम्हा दोघांमधला हिशेब आहे, तर पालनपोषणाचा खर्च हा मुलांचा हक्क आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील कलम २७ नुसार मुलांच्या पालनपोषणाची प्राथमिक जबाबदारी आपापल्या ऐपतीप्रमाणे आईवडिलांची असते. मुलांचा हा हक्क आईवडिलांनी आपसात सोडून देणे बहुतेक ठिकाणची न्यायालये मान्य करत नाहीत, त्यामुळे तुम्ही मोठ्या मनाने लिहिलेले ते कलम नामंजूर होऊ शकते, आणि झाले नाही तरी त्याची झळ मुलांनाच बसेल.

आकडा अंदाजाने ठरवू नका. मागील तीन महिन्यांचा मुलांवरचा प्रत्यक्ष खर्च दोघांनी मिळून लिहून काढा आणि त्यात वर्षातून एकदाच येणारी फी, कपडे, औषधोपचार यांचा मासिक हिस्सा मिळवा. काही देशांत देणाऱ्याच्या उत्पन्नाचा ठरावीक टक्का धरतात, तर काही ठिकाणी दोघांची उत्पन्ने एकत्र धरून त्या प्रमाणात वाटणी करतात. मला दुसरी रीत अधिक न्याय्य वाटते. हाती येणाऱ्या उत्पन्नांचे प्रमाण ३:२ असेल तर खर्चातला वाटा ६० आणि ४० टक्के होतो, आणि ज्याच्याकडे मुले राहतात तो आपला वाटा रोजच्या खर्चातूनच उचलत असतो. रक्कम कोणत्या तारखेला बँकेत जमा होईल, महागाईनुसार दरवर्षी किती वाढेल, शस्त्रक्रियेसारखा मोठा खर्च आल्यास कोणाला आधी विचारायचे, शिक्षण लांबले तर देणे कधीपर्यंत चालेल आणि देणाऱ्याचे काही बरेवाईट झाल्यास विम्याची रक्कम मुलांना कशी मिळेल, हे सारे लिहा.

ताब्याबाबत दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात: मुले कोणाजवळ राहतील, आणि शाळा, उपचार, पारपत्र, परगावी स्थलांतर यांसारखे निर्णय कोण घेईल. मुले तुमच्याजवळ राहिली तरी हे निर्णय दोघांनी मिळून घेण्याचे ठरवता येते. एकमत झाले नाही तर कोणत्या मध्यस्थाकडे जायचे, तेही आत्ताच ठरवा.

भेटींविषयी आमच्या करारात 'परस्पर सोयीनुसार' एवढेच लिहिलेले होते. आमच्यात कटुता नसल्यामुळे वेळापत्रक मागणे मला अविश्वासाचे लक्षण वाटले होते. पहिले वर्ष उत्तम गेले. मग माझ्या कामाच्या वेळा बदलल्या, तिकडेही नव्या जबाबदाऱ्या आल्या, आणि कोणाच्याही मनात वाईट नसताना एकदा सलग सात आठवडे माझी आणि मुलीची भेट झाली नाही. तक्रार करावी तर आधार कशाचा घ्यायचा, कारण करारातील एकही शब्द मोडलेला नव्हता. त्यानंतर आम्ही वार, वेळ, सुट्ट्यांचा पूर्वार्ध आणि उत्तरार्ध, वाढदिवस, आजारपणात हुकलेल्या भेटीची भरपाई, असे सगळे लिहून घेतले. तुमच्यात आज गोडी आहे म्हणूनच हे बारकावे आज ठरू शकतात.

वेळापत्रक दोन्ही मुलांसाठी एकसारखे असण्याची गरज नाही. चार वर्षांच्या मुलीला आठवडा फार लांब वाटतो, तिला थोड्या वेळाच्या पण वरचेवर भेटी मानवतात. नऊ वर्षांचा मुलगा सलग तीन-चार दिवस वडिलांकडे सहज राहू शकेल. तरी काही दिवस भावंडे तेथे एकत्र असतील असे पाहा. मुलाचे मत जरूर ऐका, पण 'तुला कोणाकडे राहायचे आहे?' असे विचारून निवड त्याच्या गळ्यात घालू नका.

मुलांना सोपवण्याची जागा ही क्षुल्लक बाब वाटते, पण माझ्या अनुभवात ती सर्वांत नाजूक ठरली. शुक्रवारी संध्याकाळी तिची आई न्यायला आली की माझी मुलगी दारात बसून बुटांच्या नाड्या पुन्हापुन्हा सोडून बांधत राहायची, आणि एकदा तिने खाली मान घालूनच मला विचारले, "मी गेल्यावर तू जेवशील ना?" पुढच्या महिन्यापासून आम्ही शाळेची सोय केली: सकाळी एकाने सोडायचे, सुटल्यावर दुसऱ्याने आणायचे. त्यामुळे एकाच्या देखत दुसऱ्याला सोडून जाण्याची वेळ तिच्यावर आली नाही, आणि नाड्यांचा तो प्रकार आपोआप थांबला.

हा करार कपाटात ठेवून भागणार नाही. घटस्फोटाच्या अर्जासोबत तो न्यायालयापुढे ठेवून आदेशात समाविष्ट करून घ्या, म्हणजे त्याची अंमलबजावणी मागता येते. परिस्थिती बदलल्यास मुलांच्या हितासाठी ताब्याचे आणि खर्चाचे आदेश बदलूनही घेता येतात. मसुदा एकाच मध्यस्थाने केला तरी सही करण्यापूर्वी दोघांनी आपापल्या वेगळ्या वकिलाकडून तो वाचून घ्यावा. तुमच्यापैकी कोणी परदेशी जाण्याची शक्यता असेल तर दुसऱ्याच्या लेखी संमतीची अट अवश्य घाला, कारण नेलेले मूल परत आणण्याची व्यवस्था करणारा १९८० चा हेग करार दोन्ही देशांनी स्वीकारलेला असेल तरच उपयोगी पडतो.

मुलांना मात्र पहिल्या महिन्याचे वेळापत्रक तयार झाल्यावरच, दोघांनी एकत्र बसून सांगा. आम्ही घाई केली. वेगळे का होतो आहोत हे कसे समजवावे याची आम्ही रात्रभर तयारी केली होती, आणि मुलीने विचारले ते एवढेच, की सोमवारी शाळेतून मला न्यायला कोण येणार. ते आम्ही ठरवलेलेच नव्हते.