सोलापुरात राहून संग्रहालयातील कलामांडणीचा अभ्यास कसा करता येईल?

संग्रहालये आणि कलादालने प्रेक्षकांपुढे वस्तू कशा मांडतात याचा अभ्यास करायचा आहे, एटीडी (कलाशिक्षक पदविका) झाले आहे, घरच्या अडचणींमुळे सोलापूर सोडता येत नाही, तर कोणता अभ्यासक्रम घ्यावा, असे तुम्ही विचारले आहे. अभ्यासक्रमापुरते उत्तर थोडक्यात देते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे, मी तिथेच शिकले. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही या विषयाचा पदव्युत्तर डिप्लोमा चालवला जातो. दोन्हींसाठी गाव सोडावे लागते. मांडणीची जाण मात्र सोलापुरातही येऊ शकते, आणि हे मी इतक्या ठामपणे म्हणते त्याला इथेच घडलेला एक प्रसंग कारण आहे.

शिक्षण संपवून परत आल्यावर शहरातल्या एका संस्थेने भरवलेल्या वस्त्रप्रदर्शनाच्या कामात मी साहाय्यक होते. मुख्य मांडणीकार बाहेरून बोलावलेले होते. त्यांनी भिंती पांढऱ्या करून घेतल्या, वरून प्रकाशझोत सोडले आणि सोलापुरी चादरी चौकटींवर ताणून भिंतीला अगदी चिकटवून लावल्या. आधुनिक चित्रे लावण्याची ही रूढ पद्धत आहे आणि दालन त्यामुळे देखणे दिसत होते, हे मान्य केलेच पाहिजे. मधल्या भिंतीवर मोरांची चादर होती. एका बाजूने हिरव्या जमिनीवर पांढरे मोर, आणि उलटली की पांढऱ्या जमिनीवर हिरवे मोर. अशा विणीत कापडाचे दोन थर एकाच वेळी विणले जातात आणि नक्षीच्या कडेवर जकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्रणेच्या, भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांनुसार (पंचकार्डांनुसार) वरचा थर खाली व खालचा वर येतो. माझे वडील यंत्रमागावर होते, त्यामुळे चादर पाहायची म्हणजे दोन्ही बाजूंनी पाहायची, हे मला लहानपणापासून ठाऊक होते.

प्रदर्शन सुरू झाल्यावर शहराच्या पूर्व भागातून, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीतून, काही बायका आल्या, आपसात तेलुगूत बोलत. त्यांतल्या वयस्कर बाईंनी मोरांच्या चादरीजवळ जाऊन तिची कड अंगठा आणि तर्जनीत धरली आणि सवयीने ती उलटायला गेल्या. कड उलटेना, कारण ती चौकटीला ठोकलेली होती. तेवढ्यात रखवालदार ओरडला. त्यांनी हात मागे घेतला, भिंतीला गाल टेकवून चौकट आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून आत पाहिले, आणि मग बरोबरच्या बायकांना घेऊन, पुढचे एकही दालन न पाहता, त्या निघून गेल्या. त्या प्रदर्शनात आलेल्या प्रेक्षकांपैकी कापडाची सर्वांत जास्त पारख असलेली माणसे आम्ही अशी परत पाठवली.

संध्याकाळी मी मांडणीकारांना सुचवले की निदान ही एक चादर दालनाच्या मधोमध दांडीवर टांगू या, म्हणजे लोकांना भोवती फिरून पाहता येईल. शेजारी हाताळण्यासाठी एक तुकडा ठेवू या आणि माहितीफलक मराठी-इंग्रजीबरोबर तेलुगूतही लावू या. त्यांचे उत्तर असे होते की मागची बाजू हा तांत्रिक विषय आहे, सामान्य प्रेक्षकाला नक्षी दिसली म्हणजे पुरे, आणि हात लावू देणे जतनाच्या नियमांत बसत नाही. हे उत्तर मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. जतनाचे नियम मीही शिकले आहे. प्रकाशाने कापडाची होणारी हानी साचत जाते आणि भरून निघत नाही, म्हणून कापडासाठी साधारण ५० लक्सची (लक्स हे वस्तूवर पडणारा प्रकाश मोजण्याचे एकक) मर्यादा पाळतात, तैलचित्रांना सुमारे २०० लक्स चालतात. त्या दालनातले झोत ही मर्यादा कितीतरी ओलांडून गेले होते. त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. नियम आठवला तो एका विणकर बाईचा हात पुढे आला तेव्हा. शिवाय ती चादर बाजारातून नवी आणलेली होती आणि तसा दुसरा नग सहज मिळाला असता.

म्हणून माझे सांगणे असे की वस्तूंइतकाच प्रेक्षकांचा अभ्यास करा. हे काही माझे नवे म्हणणे नाही. बोस्टनच्या कलासंग्रहालयातील बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्ये एका माणसाला काचपेट्यांतील वस्तू पाहताना किती वाकावे, किती ताणावे लागते याची छायाचित्रेच प्रसिद्ध केली आणि संग्रहालयात येणारा थकवा हा मांडणीचा दोष असतो हे दाखवले. पुढे १९३०च्या दशकात आर्थर मेल्टन यांनी अमेरिकेत नोंदवले की दालनात शिरल्यावर बहुतेक प्रेक्षक उजवीकडे वळतात. आपल्याला देवळात प्रदक्षिणेसाठी डावीकडून निघण्याची सवय असते, तेव्हा आपल्या दालनांत काय घडते हे तुम्ही स्वतः मोजून पाहा. वही घेऊन भैय्या चौकातील डॉ. कोटणीस स्मारकात एका कोपऱ्यात बसा आणि लोक कुठे थांबतात, कोणता फलक शेवटपर्यंत वाचतात, लहान मुलाला काय दाखवायला उचलून घ्यावे लागते, एवढेच टिपा.

त्यानंतर धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावचे लामतुरे संग्रहालय पाहा, ते सोलापूरहून जवळ आहे आणि तिथल्या छोट्या सातवाहनकालीन वस्तूंना किती प्रकाश व किती मजकूर लागतो हा चांगला प्रश्न आहे. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय लागोपाठ पाहावीत. पहिल्यात दिवे आणि अडकित्ते दाटीने मांडलेले आहेत आणि त्यातून संग्राहकाचा जीव दिसतो. दुसऱ्यात १८७२च्या वास्तूत, २००८ मध्ये ती नूतनीकरणानंतर पुन्हा उघडल्यापासून, आजच्या कलावंतांना जुन्या संग्रहाला प्रतिसाद देणारी कामे मांडायला बोलावले जाते. माझा कौल केळकरांच्या बाजूने आहे, पण तो कापडाच्या घरात वाढलेल्या बाईचा कौल आहे हे लक्षात घ्या.

एक गोष्ट आधीच लिहायला हवी होती. हाताळण्याची मुभा फक्त जादा नगांनाच द्यायची असते. जुनी पैठणी किंवा एकमेव वस्त्र असेल तर घामाने आणि तेलकट बोटांनी ते खराब होते, आणि तिथे मी स्वतः रखवालदाराच्या बाजूने उभी राहीन. नोकरीचे विचाराल तर जागा थोड्या निघतात आणि बहुतेक ठिकाणी पदवी मागतात, त्यामुळे अडचणी सरल्या की बडोद्याचा अर्ज भरा. मुलाखतीत तुमची ती वही पुढे ठेवा, आणि समोरच्यांनी सामान्य प्रेक्षकाला एवढे कळत नाही असे म्हटले, तर नोंदी उघडून त्यांना तारीखवार वाचून दाखवा.