पळसाचं फूल जवळून घेतलं की नुसता केशरी गोळा दिसतो. मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून मोठं टिपणारी, घेऊ का, आणि कोणती?

तुमच्याकडं कॅमेऱ्याबरोबर मिळालेली १८-५५ची किट लेन्स आहे, निपाणीच्या बाजूला पळस फुललाय आणि दुकानदार मॅक्रो घ्या म्हणून मागं लागलाय, एवढं तुम्ही लिहिलंय. घेऊ नका. पळसासाठी तर अजिबात नको.

पळसाचं एक फूल दोन इंचांच्या आसपास असतं. मॅक्रोवाले ज्याचं कौतुक सांगतात त्या एकास-एक मापात, म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढीच उमटते तेव्हा, तुमच्या कॅमेऱ्यात आडवं २४ मिलिमीटरच्या आतबाहेर मावतं, म्हणजे अर्धं फूलसुद्धा नाही. त्यात लेन्सचं छिद्र एफ ८ इतकं बारीक केलं तरी स्पष्ट येणारी जाडी मिलिमीटरभरही नसते. फुलाची चोचीसारखी पाकळी स्पष्ट दिसली तर बाकीच्या धूसर. त्यापेक्षा तुमचीच लेन्स ५५ वर ठेवा, फोकस लागेल तितकं जवळ जा. अख्खं फूल चौकट भरून येतं.

गोळा होतो तो लेन्समुळं नव्हेच. कॅमेरा लाल, हिरवा, निळा हे तीन रंग वेगवेगळे मोजतो. असल्या रंगात लाल चॅनल आधी भरून सांडतो, हिरवा-निळा अजून खालीच असतात, आणि साधा हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, सगळं ठीक आहे म्हणून सांगतो. आरजीबी, म्हणजे तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम लावा. लाल उजव्या भिंतीला टेकला की एक्स्पोजर स्टॉपभर खाली आणा, म्हणजे उजेड निम्मा करा, तरी टेकला तर अजून थोडं. रंग भडक करणारं व्हिव्हिड बंद, फाईल रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं रंग न बदललेली. आणि सकाळच्या तिरप्या उन्हात फूल बाजूनं घ्या, मग पाकळीवरची रुपेरी लव आणि मागची काळपट मखमली टोपी आपोआप दिसते. भर दुपारी घेतलेला पळस लाखाच्या लेन्सनंही गोळाच येणार.

खरं तर एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण लेन्स घेतली की फोटो येतो ह्या विषयावर माझं आणि आमच्या दाजींचं जुनं भांडण आहे.

दाजींचा फोटो स्टुडिओ आहे, लग्नसराईत माणसाला जेवायला सवड नसते. हात चांगला, त्यात वाद नाही. पण फुलाचा फोटो म्हटलं की ते फूल तोडून आणणार. मागं काळी मखमल, काचेच्या ग्लासात देठ, वरून पाण्यात ग्लिसरीन घालून फवारा. ग्लिसरीनचा थेंब लवकर सुकत नाही, ओघळत नाही, हवा तितका वेळ टिकतो. खाली नाव लिहिणार ‘दवबिंदू’. बेळगावात मार्च महिन्यात दुपारी तीनला दव!

आमचं शेत खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या रस्त्याला. बांधावर हापूसची कलमं आहेत, फांद्या हाताला लागतात. एका वर्षी मोहोर भरगच्च आलेला. आंब्याचं एकेक फूल पाच-सहा मिलिमीटरचं, त्यात बहुतेक वेळा एकच पुंकेसर धड असतो, बाकीचे खुजे. हे बघायला मात्र किट लेन्स पुरत नाही. मी जुन्या ५० मिमीच्या लेन्समागं २५ मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्यामध्ये बसणारी पोकळ नळी, लावली. नळीची लांबी भागिले लेन्सवरचे मिमी, म्हणजे निम्मं माप सहज, फोकस पुढं आणला की थोडं जास्तच. नळीत काच नसते, म्हणून ती स्वस्त.

जवळ गेलं की वारा हा खरा शत्रू. घाटाकडून वारं सुटलं की दिवसभर फांदी ठरत नाही, त्यामुळं उजाडता उजाडताच पोचायचं. काठी रोवून कपड्याच्या चिमट्यानं मोहोराची डिरी धरली. ऊन वर आल्यावर ते मऊ करायला भाचा आजोबांचं जुनं धोतर दोन्ही हातांनी ताणून उभा, आणि मागून आईचा धोशा: ‘‘फांदी हलवू नको रे, मोहोर झडंल.’’ स्क्रीनवर मोठं करून बघितलं तर फुलाच्या देठाला तुडतुडा चिकटलेला, सोंड खुपसून. पाचरीच्या आकाराचं अंग, पंखावरचे डाग, सगळं स्पष्ट.

तोच फोटो बेळगावातल्या एका प्रदर्शनाला दिला. दाजींनी ग्लिसरीनचा गुलाब दिला. गुलाबाला पहिला नंबर. माझा परत आला, मागं पेन्सिलीनं शेरा: ‘फुलावर कीड आहे. स्वच्छ फूल निवडावे.’ रात्री पंगतीत दाजी म्हणाले, ‘‘पावणं, आधी औषध मारायचं, मग फोटो काढायचा की.’’ बहीणसुद्धा हसली.

पुढं आमच्याकडच्या एका कृषी अधिकाऱ्यानं तो फोटो मोठा करून शेतकऱ्यांच्या बैठकीत लावला. झाडाखाली गेलं की भुर्रकन उडणारे तुडतुडे सगळ्यांनी बघितलेले, पानावरचा चिकटा आणि त्यावर चढणारी काळी बुरशीही रोजची. पण तो रस कुठनं ओढतो, ते एवढं मोठं कुणी बघितलेलं नव्हतं. एक म्हातारे चष्मा काढून, परत घालून बघत होते. दाजींचा गुलाब त्यांच्याच स्टुडिओत घड्याळाशेजारी आहे. दाजी अजून म्हणतात की माझ्याकडं चांगली लेन्स असती तर मी गुलाबच घेतला असता.

माझं म्हणणं साधं आहे. फूल जिथं आहे तिथं, जसं आहे तसं घ्या. मुंगी असली तर मुंगीसकट, पाकळी कुरतडलेली असली तर तशीच. पळसावर शिंजीर येऊन चोच घालतो, काजूचं पांढरं फूल जुनं होताना गुलाबी होतं, चोर्ला घाटाकडं अंजनीच्या झाडाच्या फांदीलाच निळ्या फुलांचे झुबके लगडतात. मखमल लावून हे दिसणार कसं?

बारक्या फुलांसाठी ट्यूब घेताना तेवढं बघा, आत विजेचे संपर्क असलेली घ्या. नुसत्या धातूच्या रिंगा शेकड्यांत मिळतात, पण नव्या लेन्सचं छिद्र त्यांच्यावरून बदलता येत नाही. आणि किड्यांचंच वेड लागलं, तर मॅक्रो घ्यायला माझी ना नाही. मग ९० किंवा १०० मिमीची घ्या. ६०ची घेतली तर किड्याच्या इतकं जवळ जावं लागतं की तो उडून जातो. कंपनी कुठली ते दुसऱ्या कुणाला विचारा.

काटेसावरीखाली उभं राहण्याआधी मान वर करून आग्यामोहोळ बघून घ्या. भीमगड अभयारण्यात वनखात्याला विचारल्याशिवाय शिरू नका. दुसऱ्याच्या आंब्यात गेलात तर फवारणी कधी झाली ते मालकाला विचारा, कारण मोहोरापासून वीतभर अंतरावर तुमचं नाक असणार आहे.