टेस्ला कॉइलचा ट्रान्सफॉर्मर: आधी मिलिअँपिअर विचार

'कॉलेजच्या प्रदर्शनासाठी टेस्ला कॉइल करायची आहे. निऑनचा ट्रान्सफॉर्मर पुण्यात कुठे मिळेल? नाहीच मिळाला तर मायक्रोवेव्हमधला चालेल का?' असं तू विचारलंयस. (टेस्ला कॉइल म्हणजे खूप जास्त व्होल्टेज तयार करून हवेत ठिणग्या उडवणारी कॉइल; निऑनचा ट्रान्सफॉर्मर म्हणजे दुकानांच्या निऑन पाट्या पेटवणारा.) दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही चालणार.

मायक्रोवेव्हवाला साधारण २००० व्होल्टच देतो, म्हणून निऑनच्या १५००० पुढे तो गरीब वाटतो. पण निऑनवाला ३० मिलिअँपिअरच्या आसपास अडतो, कारण त्याच्या गाभ्यात पत्र्यांचा शंट (चुंबकत्वाला दिलेली आडवाट) मुद्दाम घातलेला असतो. ठिणगी पेटून सेकंडरी (जास्त व्होल्टेज देणारी बाजू) शॉर्ट झाली तरी करंट फार वाढत नाही. मायक्रोवेव्हवाला अर्धा अँपिअर सहज सोडतो. एकदा हात लागला की दुसरी संधी नाही. अर्थात ३० मिलिअँपिअरसुद्धा जीव घेऊ शकतो. आणि घरातला आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) इथे वाचवेल या भ्रमात राहू नकोस. सेकंडरी मेनच्या तारांपासून वेगळी असल्यामुळे तिकडचा शॉक त्याला दिसतच नाही.

आता खरेदी. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तापकीर गल्लीत १२-०-१२ व्होल्टचे छोटे ट्रान्सफॉर्मर हवे तेवढे मिळतील, निऑनचा मागितलास तर दुकानदार तुझ्याकडे बघत राहील. पाट्या एलईडीवर गेल्या, त्यामुळे जुन्या साइनबोर्डवाल्यांच्या माळ्यावर किंवा बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात शोधावं लागतं. वजनाला जड, डांबर भरलेला लोखंडी डबाच घे. हलका इलेक्ट्रॉनिक प्रकार वीस-तीस हजार हर्ट्झवर चालतो, स्पार्क गॅपच्या (दोन टोकांमधल्या फटीत ठिणगी पाडून चालणाऱ्या) कॉइलला निरुपयोगी. नेमप्लेटवर प्रायमरी (प्लगकडची बाजू) २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आहे ना ते बघ. परदेशातून आलेला १२० वाला इथल्या प्लगला लावलास तर धूर.

मल्टिमीटर खिशात ठेव. वीज न लावता दोन्ही एचटी (जास्त व्होल्टेजच्या) टोकांपासून डब्यापर्यंतचा रेझिस्टन्स मोज. सेकंडरीच्या मधोमध काढलेली तार (टॅप) डब्याला जोडलेला असेल तर दोन्हीकडे काही किलोओहम, जवळपास सारखे यायला हवेत. मी पहिला घेतला तेव्हा हे केलं नाही. घरी आणून बघतो तर एक बाजू ओपन, आतून जळालेली. मीटर बरोबर आला तरी इन्सुलेशन शाबूत असल्याची खात्री नाही, तेवढा जुगार आहेच. म्हणून किंमत भंगाराच्या भावाने पाड.

ऑनलाइन '४०० किलोव्होल्ट' लिहिलेलं इवलंसं मॉड्यूल दिसेल. दोन गोल टोकांमधली हवा फुटायला सेंटिमीटरला साधारण ३० किलोव्होल्ट लागतात. त्याची ठिणगी एक-दोन सेंटिमीटर. हिशेब तूच कर.

हा पहिलाच प्रयोग असेल तर मी नाना पेठेत जाऊन गाडीची इग्निशन कॉइल घेईन. १२ व्होल्टची बॅटरी, ५५५ (टायमरची चिप) आणि एक मॉस्फेट (स्विचसारखा ट्रान्झिस्टर), एवढ्यावर ठिणगी उडते. टेस्ला कॉइल पुढच्या वर्षी कर. आणि तेव्हाही वीज सोडताना शेजारी कुणीतरी उभं असू दे, ज्याचा हात मेन स्विचवर असेल.