तालीम : मुंब्र्यातली आणि आखाड्यातली

कळव्याच्या एका वाचकाने विचारलंय : ‘मुंब्र्याजवळच्या कौशात एका मदरशाच्या फलकावर “दीनी व असरी तालीम” असं वाचलं. दीन म्हणजे गरीब ना? मग गरिबांची व्यायामशाळा आहे का ती?’

हसू नका, मराठी कानाला इथे ठेच लागणारच. हा ‘दीन’ अरबी, म्हणजे धर्म. आपल्या दीनदुबळ्यातला दीन संस्कृत. ‘असरी’ म्हणजे सध्याच्या काळाचं : गणित, विज्ञान, इंग्रजी. (औषधाचा ‘असर’ वेगळा, अरबीत त्याची अक्षरंही निराळी.)

खरी गंमत ‘तालीम’ची. मूळ अर्थ शिकवणं, शिक्षण. इल्म (ज्ञान), आलिम (धर्माचा विद्वान), उलेमा ही त्याची भावंडं. उर्दूत तो अर्थ शाबूत राहिला. मराठीत मात्र शब्दाने अंगाला लाल माती फासली, नाहीतर नाटकवाल्यांत जाऊन बसला. जाताना एकटा गेला नाही, गुरूलाही घेऊन गेला. मदरशातला पोरगा शिक्षकाला ‘उस्ताद’ म्हणतो. आखाड्यात त्याच फारसी शब्दाचा ‘वस्ताद’ झाला. उस्तादांची तालीम आणि वस्तादांची तालीम : शब्द तेच, एकीकडे पाठांतर, दुसरीकडे जोर-बैठका.

‘मदरसा’ आला ‘दर्स’वरून, दर्स म्हणजे पाठ. ‘मक्तब’ किताबच्या घरातला, मूळ लिहिण्याशी. वापरात फरक आहे. शाळा सांभाळून रोज तासभर कुराण वाचायला मुलं जातात तो मक्तब; हाफिज (अख्खं कुराण मुखोद्गत असलेला) किंवा आलिम व्हायला वर्षानुवर्षं शिकायचं तो मदरसा. आलिमच्या अभ्यासक्रमाला बहुतेक ठिकाणी ‘दर्स-ए-निझामी’ म्हणतात. नावामुळे तो अकराव्या शतकातल्या बगदादच्या निझामिया मदरशाशी जोडला जातो, पण तो अठराव्या शतकातल्या लखनौच्या फिरंगी महलमधल्या मुल्ला निझामुद्दीन यांचा. असरी विषयांसाठी आपल्याकडे महाराष्ट्रात सरकारची डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजना आहे. २०२४ साली तिच्यातल्या डी.एड. शिक्षकांचं मानधन ६,००० वरून १६,००० रुपये करायचं ठरलं.

लिहिताना ‘मदरशात’ लिहा. पैसा-पैशात, घसा-घशात, तसंच मदरसा-मदरशात. ‘मदरसामध्ये’ ऐकलं की माझा घसा खवखवतो. आणि बातम्यांत ‘एक उलेमा म्हणाले’ येतं तेही चूक : एक असेल तर आलिम, उलेमा हे अनेकवचन.